नळकांडी आकाराचा जुना व्हॅक्यूम क्लीनर: काळ आणि मूळ कसे ठरवावे?

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांना नमस्कार. भुसावळच्या रेल्वे वसाहतीत पूर्वी राहिलेल्या एका कुटुंबाचे जुने सामान जळगावातील भंगाराच्या एका दुकानात आले होते. त्यातून मला दोन वस्तू मिळाल्या. जुने पंखे आणि रेडिओ मी बऱ्याच वर्षांपासून जमवतो. परंतु शेणाने सारवलेल्या किंवा शहाबादी फरशीच्या आपल्या घरांमध्ये गालिचेच नसल्याने व्हॅक्यूम क्लीनर हे यंत्र खानदेशात क्वचितच आले, आणि त्यामुळे त्याची पारख करणारे कोणी जवळपास भेटत नाही.

पहिली वस्तू आडव्या नळकांड्याच्या आकाराची असून तिच्या तळाशी धातूच्या दोन लांब पट्ट्या आहेत, ज्यांवरून ती जमिनीवर घसरत जाते. तिला चाके नाहीत. अंगावर काळे खरखरीत आवरण आहे, दोन्ही टोके निकेलचा मुलामा दिलेली आहेत आणि आत कापडी धूळपिशवी शाबूत आहे. नेमप्लेटवर रंगाचे थर चढले असून केवळ 'मेड इन इंग्लंड' आणि '२३० व्होल्ट' एवढेच वाचता येते. दुसरी वस्तू म्हणजे लांब दांड्याची लाकडी पेटी आहे. तिला चाके आहेत, खाली गोल ब्रश आहे, पण वायर किंवा मोटार कुठेच नाही. ही दोन्ही यंत्रे कोणत्या काळातील असावीत, आणि त्यांना दुर्मिळ म्हणता येईल का? नळकांडे चालवून पाहावे की कसे, याबद्दलही मार्गदर्शन व्हावे.

पांझरा, धुळे

आपल्या वर्णनावरून पहिले यंत्र इलेक्ट्रोलक्सचे असण्याची शक्यता बरीच आहे. या स्वीडिश कंपनीने १९२१ मध्ये 'मॉडेल व्ही' बाजारात आणले, तेव्हा आडवे नळकांडे आणि त्याखाली घसरपट्ट्या ही रचना तिची ओळख बनली. त्याआधी घरगुती यंत्र म्हटले की दांड्याला पिशवी लटकवलेले उभे यंत्रच डोळ्यांसमोर येत असे. अमेरिकेतील ओहायो राज्यात कँटन येथे साफसफाईचे काम करणाऱ्या जेम्स मरे स्पँग्लर यांना अशा उभ्या यंत्राचे पेटंट २ जून १९०८ रोजी मिळाले आणि पुढे ते हूवर कंपनीचे झाले. मात्र १९३० च्या दशकात इतर अनेक कारखानदारांनीही नळकांड्याचा आकार उचलला, त्यामुळे केवळ आकारावरून निर्णय देणे मला योग्य वाटत नाही. खरा पुरावा नेमप्लेटवर आणि सुट्या भागांवर असतो.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की नेमप्लेट घासू नका. पॉलिश पेपर, चिंच किंवा पितांबरी यांपैकी काहीही तिला लावू नका, कारण या पट्ट्यांवरील अक्षरे पुष्कळदा वरवर छापलेली असतात आणि गंजाबरोबर तीही निघून जातात. कोमट पाण्यात पिळलेल्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसावे आणि अंधाऱ्या खोलीत टॉर्चचा प्रकाश अगदी तिरपा टाकून छायाचित्र घ्यावे; पुसट अक्षरांच्या कडा सावलीमुळे उठून दिसतात. तेथे 'लूटन' हे गावाचे नाव सापडले, तर यंत्र इलेक्ट्रोलक्सच्या इंग्लंडमधील कारखान्यातले, म्हणजे १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धातील किंवा त्यानंतरचे ठरेल. 'ओल्ड ग्रीनिच, कनेक्टिकट' असते तर ते अमेरिकन ठरले असते. पण मग व्होल्टेज ११० च्या आसपास असायला हवे होते, आणि आपल्या पट्टीवर तर २३० आहे.

क्रमांकांवरूनही काळाची मर्यादा बांधता येते. ब्रिटिश पेटंटांना पूर्वी दरवर्षी एकपासून क्रमांक मिळत. १९१६ पासून १,००,००१ या आकड्याने सलग मोजणी सुरू झाली. 'रजिस्टर्ड डिझाइन', म्हणजे वस्तूच्या बाह्य रूपाची ब्रिटिश नोंदणी, असा उल्लेख असल्यास अधिकच उत्तम, कारण ते क्रमांक १९३० च्या सुरुवातीला साडेसात लाखांच्या जरा पुढे होते आणि १९४० च्या सुरुवातीला सुमारे आठ लाख सदतीस हजारांपर्यंत पोहोचले होते. अमेरिकन यंत्रांसाठी १० लाखावे पेटंट ऑगस्ट १९११ चे आणि २० लाखावे एप्रिल १९३५ चे, हे दोन टप्पे लक्षात ठेवावेत. मात्र क्रमांकावरून यंत्र त्या वर्षाच्या आधीचे नाही एवढेच सिद्ध होते. तोच क्रमांक कारखाने पुढे कित्येक वर्षे छापत राहत.

दुर्मिळतेविषयी स्पष्ट मत देतो. ही नळकांडी यंत्रे जगभर मोठ्या संख्येने विकली गेली, त्यामुळे केवळ वयामुळे ती दुर्मिळ होत नाहीत. १९५४ च्या हूवर कॉन्स्टेलेशनचे गोळ्यासारखे रूप पाहून अनेक जण हरखून जातात, पण तेही तसे सापडणारे यंत्र आहे. विजेशिवाय भात्याने हवा ओढणारी १९१० च्या आगेमागेची हातयंत्रे मात्र खरोखर विरळ आहेत. आपल्या यंत्राचे महत्त्व ते किती पूर्ण आहे यावर अवलंबून राहील. मूळ होज पाइप, तोंडाचे ब्रश, कापडी पिशवी आणि माहितीपुस्तिका हे सारे एकत्र मिळणे आपल्याकडे फारच अवघड आहे, म्हणून त्या दुकानात पुन्हा जाऊन उरलेला ढीग अवश्य पाहावा.

आर्मेचर, भुसावळ

मोटार रिवाइंडिंग हा माझा व्यवसाय असल्याने फक्त चालवण्याच्या प्रश्नापुरते लिहितो. हे यंत्र थेट प्लगमध्ये लावू नका. त्या काळच्या वायरवर बाहेर सुती वेष्टण आणि आत रबर असे. आपल्याकडच्या मे महिन्यातील उन्हाळे खाऊन ते रबर आतून कोरडे पडते, वाकवताच भुगा होते आणि बाहेरून मात्र वायर धडधाकट दिसते. शिवाय अशा बऱ्याच यंत्रांना दोनच तारा असून अर्थिंग नसते, आणि शरीर धातूचे असल्यास एक उघडी तार जिवावर बेतू शकते.

प्रथम जाणकाराकडून वाइंडिंग आणि धातूचे शरीर यांमधील इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या उपकरणाने) तपासून घ्या. ते एक मेगओहमपेक्षा कमी आल्यास यंत्र चालवण्याचा विचार सोडून द्यावा. ते ठीक असेल, कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे तुकडे) पूर्ण झिजलेले नसतील आणि बेरिंगमधील वाळलेले ग्रीस बदलले असेल, तरच सिरीज बल्ब लावून, म्हणजे प्रवाह आटोक्यात राहावा म्हणून यंत्राच्या एका तारेत बल्ब जोडून, काही क्षण फिरवून पाहावे. पंखा काढून नुसती मोटार मुळीच फिरवू नये, कारण ही सिरीज मोटार भार नसताना बेसुमार वेग घेते आणि आर्मेचर (मोटारीचा फिरणारा भाग) फुटू शकते. नेमप्लेटवर 'ए.सी./डी.सी.' असे आढळल्यास त्यावरून वर्ष काढू नका. कार्बन असलेली ही मोटार दोन्ही पुरवठ्यांवर चालते आणि गावोगावचा पुरवठा निरनिराळा असल्यामुळे कारखाने तसे मुद्दाम छापत. जुनी वायर बदलली तरी ती पिशवीत घालून चिठ्ठी लावून ठेवा. यंत्राच्या मूळ स्थितीचा तो भाग आहे.

तितूर, चाळीसगाव

दुसरी वस्तू व्हॅक्यूम क्लीनर नाही. तो हाताने ढकलायचा 'कार्पेट स्वीपर' आहे. चाकांबरोबर ब्रश फिरतो आणि कचरा पेटीत उडवतो, हवा ओढण्याचा त्यात काहीच संबंध नाही. अमेरिकेत मेल्विल बिसेल यांनी १८७६ मध्ये याचे पेटंट घेतले, आणि इंग्लंडमध्ये ॲक्रिंग्टन येथील यूबँक हे नाव यासाठी घरोघरी परिचित होते. पेटीच्या वरच्या फळीवर सोनेरी अक्षरांचे अवशेष शोधा.

एक आग्रह आहे. आमच्या चाळीसगावात कलामहर्षी केकी मूस यांचा संग्रह ते ज्या घरात राहिले तेथेच जपला गेला आहे, आणि वस्तू आपल्या जागेसह टिकली की ती किती अधिक बोलते, हे तेथे गेल्यावर कळते. आपली वस्तू जागेवरून हललेलीच आहे. तेव्हा ती कोणत्या बंगल्यात होती, घरातील व्यक्ती रेल्वेत कोणत्या हुद्द्यावर होती, हे त्या कुटुंबाकडून शक्य तितक्या लवकर लिहून घ्या. नेमप्लेट दहा वर्षांनीही वाचता येईल, पण ही माहिती सांगणारी माणसे तेव्हा भेटतीलच असे नाही.

बोरीकाठ, अमळनेर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तिरप्या प्रकाशाचा उपाय फारच उपयोगी पडला. पट्टीवर 'लूटन' स्पष्ट दिसले, आणि होज पाइपच्या तोंडाच्या तुकड्यावर रजिस्टर्ड डिझाइनच्या सहा आकड्यांपैकी पहिले दोन ७ आणि ९ असे वाचता आले. म्हणजे हा तुकडा १९३० च्या आधीचा नाही, असे मी समजतो. दुकानदारामार्फत त्या कुटुंबाशी संपर्क साधत आहे.

पांझरा, धुळे

आपला अर्थ बरोबर आहे, आणि ७९ ने सुरू होणारा क्रमांक त्या दशकाच्या साधारण मध्याकडे झुकतो. तरीही तो तुकडा यंत्राबरोबरचाच आहे की नंतर जोडलेला, हे तपासायला हवे. होज पाइपची कडी यंत्राच्या तोंडात सैल न होता बसते का आणि दोन्हींवरील निकेलची झीज सारखी आहे का, हे पाहावे, आणि दोन्ही भाग शेजारी ठेवून एक छायाचित्र येथे टाकावे.