पहिल्या बेरियाट्रिक शस्त्रक्रियेनंतर वजन थांबले किंवा पुन्हा वाढले: दुसरी शस्त्रक्रिया करावी का? आपले अनुभव

मृण्मयी_नाशिक

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. तिची स्लीव्ह शस्त्रक्रिया (वजन उतरवण्यासाठीची, म्हणजे बेरियाट्रिक, शस्त्रक्रिया) पुढच्या महिन्यात ठरली आहे. तिने विचारले, “मावशी, एकदा हे केले की कायमचे सुटते ना?” २०१७ साली माझ्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मी सर्जनना हेच विचारले होते, ते आठवले आणि तिला काय उत्तर द्यावे ते सुचेना.

तेव्हा माझे वजन ११८ किलो होते. दीड वर्षात ते ८४ वर आले, मधुमेहाची गोळी बंद झाली, जिना चढताना कठड्याचा आधार लागेनासा झाला. मग काटा थांबला आणि रजोनिवृत्तीच्या काळात हळूहळू वर सरकू लागला. आज तो १०१ दाखवतो. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते चार पंचमांश भाग काढून टाकतात. भूक चेतवणारे घ्रेलिन हे संप्रेरक ज्या भागात मुख्यत्वे तयार होते, तोही त्याबरोबर जातो, त्यामुळे पहिल्या वर्षी जेवणाची आठवण करून द्यावी लागत असे. ती भूक काही वर्षांनी परत आली. साखरही पुन्हा वाढली आहे.

सर्जन आता स्लीव्हचे बायपासमध्ये रूपांतर सुचवत आहेत, म्हणजे जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याच्या पुढच्या भागाशी जोडायची. माझे वय ५३, उंची १५८ सेंटिमीटर. ज्यांनी दुसरी शस्त्रक्रिया केली, ज्यांनी विचारपूर्वक टाळली, त्या सर्वांनी कृपया लिहावे: कोणत्या तपासण्या झाल्या, निर्णय कशावर ठरला आणि नंतर काय झाले?

केदार_डोंबिवली

लोकलमध्ये आहे, जमेल तसे लिहितो. माझी स्लीव्ह २०१६ ची आणि रूपांतर २०२१ चे, पण कारण वजन नव्हते. रात्री आडवे झाले की आंबट पाणी घशाशी येई आणि खोकल्याने घर जागे होई. तीन उशा रचून, जवळजवळ बसूनच झोपत होतो. गोळ्यांचा डोस दुप्पट केला तरी पहाटे तीनची जाग ठरलेली होती. एंडोस्कोपीत अन्ननलिकेला जखमा आणि हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीकडे सरकणे) दिसला. स्लीव्हनंतर जठराची नळी अरुंद होऊन आतला दाब वाढतो, त्यामुळे काही रुग्णांना हा त्रास नव्याने सुरू होतो, हे मला तेव्हा समजले.

रू-एन-वाय पद्धतीचा (बायपासचा नेहमीचा प्रकार) बायपास झाल्यावर तो त्रास गेला. वजन मात्र आठेक किलोच उतरले. सर्जननी आधीच सांगितले होते की, आम्लपित्तासाठी केलेल्या रूपांतराचा गुण खात्रीने दिसतो, केवळ वजनासाठी केलेल्या रूपांतराचा दिसेलच असे नाही, आणि दुसऱ्यांदा होणारी घट पहिल्या वेळेइतकी बहुधा नसते. मृण्मयीताई, तुम्हाला घशाशी येण्याचा त्रास आहे का? या प्रश्नाच्या उत्तरावर बरेच काही ठरेल.

शर्वरी_प

ताई, सर्वप्रथम तुम्हाला मनापासून धीर. “एवढे पैसे घालून पुन्हा तशीच झालीस” हे वाक्य मी सासरी आणि माहेरी दोन्हीकडे ऐकले आहे. म्हणून एक माहिती मुद्दाम देते. स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या हजारो रुग्णांचा पाठपुरावा केला गेला. दोन वर्षांनी त्यांची सरासरी घट सुमारे २३ टक्के होती आणि दहा वर्षांनी ती सुमारे १६ टक्क्यांवर आली. त्या पद्धती बहुतांशी जुन्या होत्या, तरी काही वजन परत येणे हा या उपचाराच्या वाटचालीचाच भाग आहे, एवढे त्यावरून स्पष्ट होते. तुमचे ११८ वरून १०१ म्हणजे आजही १४ टक्क्यांहून अधिक घट टिकून आहे. याला कोणी अपयश म्हणत असेल तर ते ऐकून घेऊ नका.

विनायक_सांगली

माझी पहिली शस्त्रक्रिया बँडची, २००९ ची. जठराच्या वरच्या भागाभोवती सिलिकॉनची कडी बसवतात आणि पोटाच्या त्वचेखाली असलेल्या पोर्ट नावाच्या छोट्या डबीतून सुईने सलाईन भरून ती घट्ट किंवा सैल करतात. भाताचा घास अडकायचा आणि लग्नाच्या पंगतीतून उठून जावे लागायचे. पुढे बँड सरकला. तो काढल्यावर लगेच बायपास न करता, सूज उतरेपर्यंत काही महिने थांबून तो केला. पहिल्या वेळी आत तयार झालेले चिकटे (अवयव एकमेकांना चिकटवणारे पट्टे) सोडवण्यातच बराच वेळ गेला. दुसऱ्या शस्त्रक्रियेत जोडलेल्या जागेतून गळतीचा धोका पहिल्यापेक्षा अधिक असतो, हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी घरच्यांना समोर बसवून समजावून घ्या. आज मी समाधानी आहे, पण शस्त्रक्रियेनंतरचे दिवस पहिल्या वेळेपेक्षा कठीण गेले.

आदिती_म

मी दुसरी शस्त्रक्रिया तूर्त टाळली आहे. बेरियम तपासणीत (बेरियमचे द्रव पाजून काढलेल्या एक्स-रेत) जठराची नळी फारशी ताणलेली दिसली नाही. सर्जन स्वतःच म्हणाले, “रचना ठीक असेल तर आधी औषध वापरून पाहू.” भारतात टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये मंजारो या नावाने आणि सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये वेगोव्ही या नावाने आले. मी मधुमेहतज्ज्ञांच्या देखरेखीखाली दर आठवड्याला टिर्झेपटाइडचे इंजेक्शन घेते. सुरुवातीला मळमळ आणि बद्धकोष्ठ झाले, पण भूक शमली आणि वजन उतरू लागले. अडचण अशी की औषध थांबवले की वजन परत येण्याची शक्यता मोठी असते आणि महिन्याचा खर्च मध्यमवर्गीय घराला जाणवणारा आहे. त्यातच स्लीव्हमुळे आधीच कमी जेवणारी मी आणखी कमी जेवू लागले, त्यामुळे प्रथिनांकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते.

केदार_डोंबिवली

@आदिती_म, प्रथिने कशी पूर्ण करता? आमच्याकडे पत्नीचे उपवास बरेच असतात आणि त्या दिवशी माझ्याही पानात साबुदाणाच पडतो.

आदिती_म

साबुदाण्यात प्रथिने नगण्य असतात, म्हणून त्या दिवशी पनीर, दही आणि दाण्याची आमटी. एरवी मुगाचे धिरडे, मटकीची उसळ, दोन अंडी. शंभर ग्रॅम पनीरमधून साधारण १८ ग्रॅम आणि एका अंड्यातून ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसाला किमान ६० ग्रॅम गाठायचे असतात. आहारतज्ज्ञांनी जेवणाची सुरुवातच प्रथिनांनी करायला सांगितले आहे, पोळीला मग जागा उरली तर.

रेवती_कोल्हापूर

प्रथिनांचा विषय निघाला म्हणून माझ्या थोरल्या बहिणीचे लिहिते. ती पूर्ण शाकाहारी आहे. स्लीव्हनंतर वजन वाढले म्हणून दुसऱ्या एका शहरात तिचा मिनी बायपास केला गेला. या शस्त्रक्रियेत लहान आतड्याचा सुरुवातीचा साधारण १५० ते २०० सेंटिमीटर भाग अन्नाच्या वाटेतून वगळतात. तिच्या बाबतीत तो याहून बराच लांब ठेवला होता. वजन झपाट्याने उतरले आणि सगळे कौतुक करत राहिले. मग पाय सुजू लागले, बोट दाबले की खळगा तसाच राहायचा. केस मुठीने गळू लागले, रक्तातील अल्ब्युमिन हे प्रथिन घसरले. अखेर शिरेतून पोषण द्यावे लागले आणि वगळलेला भाग कमी करण्यासाठी तिसऱ्यांदा पोट उघडावे लागले. तिसऱ्या वेळी शस्त्रक्रियागृहाबाहेर आईला धरून बसले होते, ते मी विसरू शकत नाही.

मृण्मयीताई, कोणता बायपास आणि आतड्याची किती लांबी वगळणार, हे सर्जनना स्पष्ट विचारा आणि उत्तर लिहून घ्या. उरलेले आतडे किती, हे शस्त्रक्रियेत मोजणार का, हेही विचारा.

हेमंत_पुणे

विम्याविषयी. विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांनुसार बेरियाट्रिक शस्त्रक्रियेसाठी बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजन दाखवणारा आकडा) ४० किंवा अधिक असावा लागतो, अथवा ३५ किंवा अधिक असून सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात नसलेला टाइप २ मधुमेह यांसारखा गंभीर आजार असावा लागतो. तुमचा बीएमआय ४० च्या किंचित वर येतो, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. शस्त्रक्रियेपूर्वीच्या आहाराने दोन किलो उतरले तरी कागदावरचे चित्र बदलेल, म्हणून आजचे वजन, उंची आणि साखरेचा अहवाल डॉक्टरांच्या सहीनिशी आताच घेऊन ठेवा. माझ्या पत्नीच्या वेळी कंपनीने “ही सौंदर्योपचाराची पुनरावृत्ती आहे” असे लिहून पूर्वमंजुरी नाकारली होती. तो शब्द वाचून ती दिवसभर बोलली नाही. एंडोस्कोपीचा अहवाल आणि सर्जनचे सविस्तर पत्र जोडून तक्रार केल्यावर दावा मंजूर झाला.

मृण्मयी_नाशिक

सर्वांची मी ऋणी आहे. शर्वरी, तुझा हिशेब वाचून रात्री यजमानांना दाखवला, तेही बराच वेळ वाचत होते.

केदार, मला घशाशी येण्याचा त्रास नाही, आणि या मुद्द्याकडे मी आजवर पाहिलेच नव्हते. त्यामुळे आधी एंडोस्कोपी आणि बेरियम तपासणी करणार आहे. नळी ताणलेली निघाली तर रूपांतराविषयी पुन्हा बोलू, नाही तर मधुमेहतज्ज्ञांकडे औषधाचे विचारेन. हेमंतराव, अहवाल कालच सहीसह घेतला. भाचीला मी सांगितले की शस्त्रक्रिया जरूर कर, साखर आणि गुडघे दोन्ही तुला धन्यवाद देतील, पण पाठपुरावा आयुष्यभराचा आहे असे धरून कर.

आणखी एक विचारायचे होते. माझे फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) कमी आले आहे. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी मी सकाळी एकदमच घेते, ते चालते का?

रेवती_कोल्हापूर

ताई, एकदम नको. कॅल्शियममुळे लोहाचे शोषण कमी होते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवायला बहिणीच्या आहारतज्ज्ञांनी सांगितले आहे. लोह लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि चहा त्याच्या आसपास टाळा. कॅल्शियम सायट्रेट स्वरूपातले आहे का, ते पाकिटावर पाहा, जठर लहान झालेल्यांना तेच अधिक सोसते. आणि फेरिटिनबरोबर बी-१२ ही तपासले का?