मदत हवी आहे: उत्पत्तीतले सहा दिवस आणि 454 कोटी वर्षे

संडे स्कूलमध्ये नववी-दहावीच्या मुलांना बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाचा पहिला अध्याय शिकवते, ज्यात देव सहा दिवसांत सृष्टी निर्माण करतो. पृथ्वीचं वय 454 कोटी वर्षं, हे मला मान्य आहे. त्यावर वाद नको.

मग सहा दिवसांचं काय, यावर मुलांना ‘दिवस म्हणजे युग’ हे उत्तर देऊन पाहिलं. हिब्रू ‘योम’ (दिवस) हा शब्द उत्पत्ती 2:4 मध्ये सगळ्या निर्मितीकाळासाठी आलाय, स्तोत्र 90:4 (देवाला हजार वर्षं एका दिवसासारखी) सुद्धा दाखवलं. पण एका मुलीने क्रमावरच बोट ठेवलं. फळझाडं तिसऱ्या दिवशी, सूर्य चौथ्या, मासे नि पक्षी पाचव्या, जमिनीवरचे प्राणी सहाव्या. जीवाश्म तर सांगतात की मासे फळझाडांच्या कितीतरी आधीचे आणि पक्षी जमिनीवरच्या प्राण्यांनंतरचे. दिवस कितीही ताणला तरी क्रम जुळत नाही! (मला घाम फुटला.)

मग पहिले तीन दिवस जागा तयार होते, पुढचे तीन दिवस ती भरते, ही मांडणी वाचली: प्रकाश–ज्योती, आकाश-पाणी–पक्षी-मासे, भूमी–प्राणी-माणूस. पटली. पण निर्गम 20:11 मध्ये शब्बाथाची (सातव्या दिवशी विसाव्याची) आज्ञाच देवाने सहा दिवसांत निर्मिती केली यावर उभी आहे, आणि ‘संध्याकाळ झाली, सकाळ झाली’ हे पालुपद आहेच. ऑगस्टीन या प्राचीन ख्रिस्ती धर्मपंडितानेही हे साधे दिवस मानले नव्हते, एवढं माहीत आहे.

ही मांडणी धरली, तर शब्बाथाच्या आज्ञेचा अर्थ मुलांना कसा समजावायचा?