लहानपणीच्या ल्युकेमियानंतर थायरॉइड: गोव्यात काय तपासावे?

डिचोलीकर: माझ्या धाकट्या बहिणीला २००३ मध्ये, वयाच्या सहाव्या वर्षी ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झाला होता. तेव्हा मुंबईत केमोसोबत डोक्याला रेडिएशनही दिले होते. यंदा भर मे महिन्यात ती शाल पांघरून बसायची. केस गळतात, दुपारी चारला ती टेबलावर डोके टेकते. टीएसएच (थायरॉइडला कामाचा इशारा देणारे संप्रेरक) मात्र २.१, म्हणजे नॉर्मल आला. हजार रुपयांच्या आत आणखी काय तपासून घ्यावे? मुंबईची फेरी सध्या जमणार नाही.

साखळीची_सून: मला बारा वर्षे थायरॉइड आहे. सरळ संपूर्ण शरीराचे पॅकेज करा. मी साडेचार हजारांचे केले. रक्त न्यायला माणूस घरी आला होता.

फोंडेकर_काका: तसल्या पॅकेजात मला ड जीवनसत्त्व तेवढे कमी निघाले. थायरॉइडची गोळी मात्र उपाशीपोटी घ्यावी; मी वर्षभर चहाबरोबर घेतली आणि डॉक्टर डोस वाढवत राहिले.

साखळीची_सून: मला तर चहाने काही झाले नाही. मी रोज घेते.

निवृत्त_परिचारिका: अहो, तिला गोळी अजून सुरूच झालेली नाही. डोक्याच्या रेडिएशनने मेंदूच्या तळाची, टीएसएच बनवणारी पिट्युटरी ग्रंथी दुखावली असेल, तर थायरॉइडला पुरेसा इशाराच जात नाही आणि टीएसएच नॉर्मल दिसत असताना फ्री टी-फोर, म्हणजे थायरॉइडचे स्वतःचे संप्रेरक, खाली गेलेले असू शकते. म्हणून दोन्ही एकाच वेळी तपासावे. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसोल हे ॲड्रिनल ग्रंथीचे संप्रेरकही पाहावे, कारण ते कमी असताना थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) सुरू केले तर जिवावर बेतू शकते. केसांसाठी ती बायोटिन हे जीवनसत्त्व घेत असेल तर तसे आधी सांगा, त्याने अहवाल फसवे येतात. शिवाय थायरॉइडच्या गाठींसाठी दरवर्षी डॉक्टरांकडून मान चाचपून घ्यावी.

फोंडेकर_काका: मी तर म्हणतो, मुंबईलाच न्या. टाटा कर्करोग रुग्णालयात बऱ्या झालेल्या मुलांसाठी वेगळे एसीटी (उपचार संपल्यानंतरचे) क्लिनिक आहे. रेल्वेने एका रात्रीचा तर प्रवास.

डिचोलीकर: जुनी फाइल ट्रंकेत सापडली. पावसाळी दमटपणाने पाने प्लास्टिकला चिकटली आहेत, पण "१८ ग्रे" एवढा रेडिएशनचा डोस वाचता येतो. बायोटिन ती तीन महिने घेत होती, ते कालपासून बंद केले. पॅकेज नको आणि मुंबईही नको. फाइल घेऊन बांबोळीला गोमेकॉतच (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) दाखवू.

निवृत्त_परिचारिका: याच आठवड्यात जा.

डिचोलीकर: चवथीनंतर जाऊ. गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून होईपर्यंत सुई टोचून घेणार नाही, असे तिने बजावले आहे.