नवं घर अंगवळणी पडताना: तुमचे अनुभव

वास्तुशांत होते, दूध उतू जातं, दाराला आंब्याच्या डहाळ्या लागतात, पाहुणे जेवून जातात. खरं राहणं सुरू होतं ते दुसऱ्या दिवशी सकाळी. हा धागा त्या राहण्याबद्दल आहे. कर्ज, बिल्डर, मुद्रांक शुल्क यांवर पुष्कळ लिहिलं गेलंय. किल्ली हातात आल्यावर माणसं त्या चार भिंतींत कशी रुळतात यावर फारसं कुणी लिहीत नाही, आणि मला तेच वाचायचंय.

माझं सांगते. आम्ही शनिवार पेठेतल्या वाड्यातून बावधनला आलो. माझ्या मते स्वयंपाकघर लागलं की घर लागलं. म्हणून हॉलमधल्या सोफ्याच्या आधी मी ओटा हातात घेतला. बिल्डर सरसकट एकाच उंचीचा ओटा घालतात. मी बेताच्या उंचीची, पोळ्या लाटताना खांदे वर चढायचे आणि रात्री मान धरायची. गवंड्याला सांगून पोळ्या लाटायची बाजू चार इंच खाली घेतली. मिसळणाचा डबा गॅसच्या उजव्या हाताला, पळ्या-झारे समोर हुकांना, रोजचं तेल खाली. वाड्यात सगळं असंच होतं. हात आपोआप जायला लागले तशी बावधनची जागाही परकी वाटेनाशी झाली.

आता तुम्ही लिहा. घर मालकीचंच हवं अशी अट नाही. भाड्याचं, बदलीचं, सासरचं, परदेशातलं, सगळं चालेल.

वरळी, मुंबई

आमची बीडीडी चाळीतली खोली 160 चौरस फुटांची, आजोबा गिरणीत होते तेव्हापासूनची. एका मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक पॅसेज, संडास सगळ्यांचे मिळून. ऑगस्ट 2025 मध्ये चाळींच्या पुनर्विकासात वरळीतल्या पहिल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या, त्यात आम्ही होतो. आता 500 चौरस फूट, दोन बेडरूम, आणि संडास-बाथरूम घरात.

पहिल्या दिवशी आई बाथरूममध्ये गेली आणि बराच वेळ बाहेरच येईना. मी घाबरून हाक मारली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल झालेले. म्हणाली, "बाहेरून कुणी दार वाजवणार नाही, म्हणून बसले जरा." तिचा सगळा जन्म पहाटे अंधारात उठून नंबर लावण्यात गेलाय. नव्या घराबद्दल आमच्याकडे बाकी जे काही बोललं जातं, ते माझ्यासाठी या एका वाक्याच्या नंतर येतं.

चाळीत दार लागायचं ते रात्री झोपताना. इथे लॅच आपोआप लागतं. सुरुवातीला बाबांना दिवस जाता जाईना. मग आमच्या मजल्यावरच्या बायकांनी ठरवून दिवेलागणीला दारं उघडी ठेवायला सुरुवात केली, दाराला चपलांचा स्टँड लावून. आता संध्याकाळी लिफ्टसमोरच्या जागेत चार खुर्च्या पडतात, पोरं या घरातून त्या घरात फिरतात, कुणाकडे मासे तळताहेत ते सगळ्यांना कळतं. मेंटेनन्सची काळजी प्रत्येकाला आहेच, पण तो वेगळा विषय.

नाशिक

माझी खूण अगदी साधी. रात्री दिवे गेल्यावर चाचपडावं लागलं नाही आणि हात सरळ काडेपेटीवर गेला, त्या रात्री हे घर माझं झालं.

सांगली (माहेर ग्वाल्हेर)

घर बदलण्याचा विषय निघाला आणि सासरचा उल्लेख एकाच शब्दात उरकला, म्हणून लिहितेय. आम्ही बायका नव्या घरात जातो तेव्हा ते घर रिकामं नसतं. प्रत्येक डब्याची, प्रत्येक खुंटीची जागा आधीच ठरलेली असते.

आम्ही ग्वाल्हेरचे मराठी. घरात मराठी, बाहेर हिंदी, न्याहारीला पोहे आणि त्यासोबत जिलबी. सांगलीत सासूबाईंचं स्वयंपाकघर म्हणजे त्यांची हद्द. त्या वाईट मुळीच नव्हत्या, कधी आवाज चढवून बोलल्या नाहीत. पण मी पिठाचा डबा वरच्या फळीवरून खाली ठेवला की संध्याकाळी तो न बोलता परत वर गेलेला असायचा. मीही न बोलता पाट घेऊन चढायची. सगळं मिळायचं, पण कुठे काय ठेवायचं हे ठरवण्यात माझा वाटा नव्हता.

मग त्यांना चिकुनगुन्या झाला. सांधे असे धरले की वाटी उचलवत नव्हती. स्वयंपाकघर माझ्याकडे आलं आणि पूर्ण वेळ राहिलं. मी माझ्या सोयीने मांडत गेले, त्या खाटेवरून बघत होत्या. बऱ्या झाल्यावर पहिल्यांदा ओट्याशी आल्या, फळीवर नजर फिरवली आणि म्हणाल्या, "हिंग कुठे ठेवलायस गं?" मी सांगितलं. त्यांनी घेतला, फोडणी केली आणि डबी मी सांगितलेल्या जागीच परत ठेवली.

त्या आता नाहीत. डबी अजून तिथेच असते. माझ्या सुनेला मी पहिल्याच आठवड्यात अर्धं कपाट आणि एक पूर्ण फळी रिकामी करून दिली. ज्यांच्या घरात सून यायचीय त्यांनी दागिन्यांच्या आधी एवढं करावं, असं मला मनापासून वाटतं.

श्टुटगार्ट, जर्मनी

इथे भाड्याने घर घेतलं की स्वयंपाकघराच्या जागी बऱ्याचदा नुसती खोली मिळते. ओटा नाही, सिंक नाही, कपाटं नाहीत. भिंतीत पाण्याचे जोड आणि छतातून लोंबणाऱ्या वायरी. आधीचा भाडेकरू आपलं किचन उचलून नेतो किंवा तुम्हाला विकतो. आम्ही पुण्याहून कुकर, पोळपाट आणि मसाले घेऊन आलो होतो. पहिले काही आठवडे इंडक्शनच्या एका शेगडीवर वरण-भात आणि न्हाणीघरात भांडी.

नव्याने येणाऱ्यांनी लक्षात ठेवा: राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता सरकारदरबारी नोंदवायचा, त्याला आनमेल्डुंग म्हणतात. त्यावाचून पुढची बरीच कामं अडतात. दुसरं, पत्त्यात सहसा फ्लॅटचा नंबर नसतो. बेलवर आणि टपालपेटीवर आडनाव लावलं नाही तर पत्रं परत जातात. आणि रविवारी भिंतीत ड्रिल चालवायचं नाही.

पण मला सांगायचंय ते केअरवोखेबद्दल. या भागात इमारतीचा जिना आणि पायवाट झाडायची-पुसायची पाळी भाडेकरूंमध्ये आठवड्या-आठवड्याने फिरते. ज्याची पाळी, त्याच्या दाराला एक पाटी अडकवलेली असते. आमच्या दाराला ती पहिल्यांदा लागली त्या शनिवारी मी बादली घेऊन जिन्यात बसले होते, आणि वरच्या मजल्यावरच्या आजी खाली उतरल्या. एक शब्द न बोलता त्यांनी माझ्या हातातलं फडकं घेतलं, पायरीचा कोपरा कसा पुसायचा ते दाखवलं, फडकं परत दिलं. पुढच्या पायरीचा कोपरा मी पुसला तेव्हा मान हलवली आणि वर निघून गेल्या. तोवर त्या इमारतीत माझ्याशी कुणी नमस्कारापलीकडे बोललं नव्हतं. दिवाळीला त्यांना चिवडा दिला, तर दोन दिवसांनी रिकामा डबा घासून, आत सफरचंदाचा केक घालून परत आला. डबा रिकामा परत करायचा नसतो हे त्यांना कुणी सांगितलं असेल!

औसा तालुका, लातूर

वर सगळ्यांनी हौसेने घेतलेल्या घरांबद्दल लिहिलंय. आमचं घर आम्ही मागितलेलं नव्हतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली असताना भूकंपात आमचं गाव पडलं. दगड-मातीच्या रुंद भिंती आणि वर माळवदाचं ओझं, त्याखाली घरंच्या घरं गेली. मी त्यानंतर जन्मले, त्यामुळे मला ठाऊक असलेलं घर पुनर्वसनातलंच.

कुणाला किती जमीन त्यावर 250, 400 आणि 750 चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रस्ते, एका ओळीत एका मापाची घरं. त्यात झालं असं की पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी गावाच्या दोन टोकांना गेले. भाऊ एका बाजूला, चुलते दुसऱ्या. धान्याला बळद नाही, बैलांना गोठा नाही. घर पक्कं होतं, पण शेतकऱ्याचं नव्हतं.

आमची आजी तर सिमेंटच्या छताखाली झोपायलाच तयार नव्हती. समोर पत्र्याचं शेड मारून तिथे झोपायची. "पत्रा पडला तर माणूस उठतंय लेकरा, स्लॅब पडल्यावर कोण उठतंय?" याला कुणाकडे उत्तर नव्हतं. ती आत आली ती माझ्या जन्माच्या वेळी. पावसाळा होता, शेडात वारं शिरायचं आणि बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचा होता. आई सांगते, पहिल्या रात्री आजी शेगडीपाशी भिंतीला पाठ लावून बसूनच राहिली, मला मांडीवर घेऊन. नंतर तिचं अंथरूण तिथेच पडायला लागलं.

वडिलांनी सवडीने पुढे ओसरी काढली, मागे गोठा, परसात चूल. आमच्या गल्लीत प्रत्येकानेच काही ना काही वाढवलंय, मूळ नकाशातलं घर आता ओळखूही येत नाही. ते बघितलं की मला फार बरं वाटतं.

पुणे, भाड्याचं घर

अकरा महिन्यांचा करार, त्यात कलम: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. तरीही घर माझंच आहे. "भाड्याचं तर आहे, कशाला खर्च" म्हणून वर्षानुवर्षं उघड्या बल्बखाली राहणारी माणसं मी पाहिलीत. असं करू नका. आयुष्यातली ती वर्षं काही उसनी नसतात. मी उचलून नेता येईल अशाच वस्तू घेते: उभं पुस्तकांचं कपाट, दोन चांगले दिवे, जाड सुती पडदे. पडदे मुद्दाम लांब शिवते आणि खाली मोठी दुमड ठेवते, पुढच्या खिडकीला सोडता येते.

ठाणे

थोडं कामाचं. पहिला पावसाळा काढल्याशिवाय नवं घर कळत नाही. तोवर महागडा रंग, वॉलपेपर, भिंतीला चिकटवलेली कपाटं करू नका. सप्टेंबरपर्यंत प्रत्येक बाहेरची भिंत तळहाताने बघा, विशेषतः खिडकीखालचा भाग आणि बाथरूमच्या मागची बाजू. ओल आली, पोपडे सुटले तर फोटो काढून बिल्डरला लेखी कळवा. रेरा कायद्याप्रमाणे ताबा मिळाल्यापासून 5 वर्षांच्या आत बांधकामातला दोष दाखवून दिला तर बिल्डरने 30 दिवसांत, पैसे न घेता तो दुरुस्त करायचा असतो. बरेच जण स्वतः रंगारी बोलावून मोकळे होतात.

मतदार यादीत पत्ता बदलायला अर्ज क्रमांक 8 भरायचा. निवडणूक जाहीर होईपर्यंत थांबू नका.

राजापूर, रत्नागिरी

निवृत्तीनंतर मुंबईची जागा मुलाला देऊन आम्ही दोघं गावच्या चिऱ्याच्या घरात आलो. वाडवडिलांचं घर असलं तरी आमच्यासाठी नवंच, कारण तोवर मे महिना आणि गणपती एवढीच ओळख. पाऊस लागायच्या आधी कौलं चाळून घ्यायची, पडवीला झापं बांधायची, लाकूडफाटा आत घ्यायचा, हे शेजारच्या काकांनी हाताला धरून शिकवलं. सर्पांची भीती सौ.ला अजून आहे, पण घाबरली तरी ती आता टॉर्च घेऊन स्वतः बाहेर जाते.

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. आधी कधी शिमग्याला आलो तर अंगणात हात जोडून उभे राहायचो. राहायला आल्यानंतरच्या शिमग्यात पालखी आमच्या खळ्यात आली आणि वाडीतल्या एकाने मागे सरून मला खांदा द्यायला जागा केली. सौ.ने ओटी भरली. मला पुढचं काही लिहिता येत नाही.

पिंपरी

सगळ्यांचं वाचतेय, खूप छान वाटतंय. आमचं सामान येत्या रविवारी हलतंय. मुलगा तिसरीत, मुलगी दीड वर्षाची, सोमवारी शाळा आहेच. पहिल्या दिवशी आधी काय काढू ते कुणी सांगेल का? बघावं तिकडे खोकी आहेत.

बावधन, पुणे

अगं, आधी गाद्या. टेम्पोत त्या सगळ्यात शेवटी चढव म्हणजे पहिल्या उतरतील. पोहोचलीस की झोपायच्या खोलीत अंथरुणं घालून टाक, रात्री दमल्यावर पांघरुणं शोधवत नाहीत. एका पिशवीत चहा, साखर, मीठ, तेल, डाळ-तांदूळ, मिसळणाचा डबा, कुकर, सुरी आणि लायटर घे. ती पिशवी टेम्पोत देऊ नकोस, स्वतःजवळ ठेव. मुलाचं दप्तर, गणवेश, बूट वेगळे. धाकटीचं रोजचं दुपटं आणि वाटी-चमचा तिच्या नजरेसमोर राहू देत. पडदे नसतील तर खिडकीला जुन्या साड्या बांध. खोक्यांवर आत काय आहे ते लिहिलं नसेल तर आजच लिही, वरती नको, चारही बाजूंना लिही. आणि रविवारी रात्री शेजारच्यांनी जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नकोस.