डेटोना ६६०: नाव तेच, पण गाडी ती आहे का?

ट्रिपलवेडा:
ट्रायम्फने २०२४ ला डेटोना ही आपली जुनी स्पोर्ट्स बाईक ६६० नावाने परत आणली, सगळे खूश, मला मात्र अजून पटत नाहीये. २०१३ ला जुनी डेटोना ६७५ बदलली तेव्हा काय केलं होतं बघा, सीटखालचा सायलेन्सर काढून इंजिनच्या पोटाखाली नेला, बोअर (सिलिंडरची रुंदी) वाढवला, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) कमी केला, का तर इंजिन १४,४०० आरपीएमपर्यंत फिरलं पाहिजे. १२८ पीएस पॉवर! आणि आता? ट्रायडेंटचं, म्हणजे ट्रायम्फच्याच साध्या बिनफेअरिंगच्या बाईकचं ६६० इंजिन, ९५ पीएस, २०१ किलो वजन, पुढच्या सस्पेन्शनला अ‍ॅडजस्टमेंटच नाही. वरून फेअरिंग, म्हणजे बाहेरचं प्लास्टिकचं आवरण, चढवलं की झाली डेटोना? बडी एल्मोरने १९६६ ला ट्रायम्फवर डेटोना २०० ही शर्यत जिंकली त्यावरून आलेलं नाव आहे हे.

घाटवाला:
नुसतं फेअरिंग कसं रे? २०२४ च्या ट्रायडेंटला एकच थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारी झडप) होती, हिला तीन, म्हणून तर ८१ चे ९५ पीएस झाले. मी मित्राची ६७५ ताम्हिणीत चालवलीये, पहिली दहा मिनिटं स्वर्ग, पुढे ट्रकच्या मागे अडकलो आणि सगळं वजन मनगटांवर, मुळशीला चहाला थांबलो तेव्हा कप धरताना बोटं बधिर. ६६० चं हँडल वर घेतलंय, ८० टक्के टॉर्क, म्हणजे खेचायची ताकद, ३,१२५ आरपीएमलाच मिळते, वळणातून बाहेर पडताना गिअर पाडायची गरजच नाही. आपल्या रस्त्यावर १४ हजार आरपीएम मारणार कुठे?

चेन_ल्यूब:
घाटवाल्याशी सहमत. यामाहाची आर६ ही ६७५ सारखीच स्पोर्ट्स बाईक सुद्धा युरो ५ चे प्रदूषण नियम आल्यावर २०२० नंतर युरोपात रस्त्यासाठी विकायची बंद झालीच ना, तसली इंजिनं पास करून घ्यायला खर्च प्रचंड आणि घेणारे मूठभर. त्यापेक्षा २०२४ ला ९.७२ लाखात आलेल्या ६६० मध्ये तीन सिलिंडरचा आवाज मिळतोय तर घ्यावा की.

ट्रिपलवेडा:
भावांनो, गाडी वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये. मनगटांचं पटलं, आरामाचं पण पटलं. पण ट्रायम्फकडे दुसरं जोरदार इंजिन नव्हतं असं सांगू नका. २०१९ पासून मोटो२ ही अख्खी जागतिक शर्यत-मालिका ट्रायम्फच्या ७६५ इंजिनवर पळतेय, त्याच घराण्यातलं इंजिन स्ट्रीट ट्रिपल या बाईकमध्ये रस्त्यावर विकतायत, आणि त्याची डेटोना काढली ती मोजक्या लोकांसाठी लिमिटेड एडिशन. ६६० ला दुसरं काहीही नाव द्या, मी स्वतः बुकिंगला येतो. डेटोना नाव ७६५ साठी राखून ठेवायला हवं होतं.