सांधेदुखीसाठी नेमका कोणता डॉक्टर? आईसाठी सल्ला हवा

निशिगंध
आईचं वय ५४. गेले दोनेक महिने दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सुजतायत. सकाळी मूठ वळत नाही, नळ फिरवायलाही मला हाक मारते. दहा वाजून गेले की हात जरा मोकळे होतात. संधिवाताची आरए फॅक्टर ही रक्ततपासणी केली, ती निगेटिव्ह आली, तेव्हापासून घरात सगळ्यांचं एकच, "वयानुसार होतंच." काका म्हणतात हाडांच्या डॉक्टरकडे ने, मावशी म्हणते संधिवाताचे डॉक्टर वेगळे असतात. कोणाकडे नेऊ?

खडीसाखर
मावशींचं ऐका. सूज, दोन्ही हात सारखेच, सकाळचा आखडलेपणा तासाभराच्या वर, हे रुमॅटॉलॉजिस्टचं, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांचं काम. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा सहसा अर्ध्या तासात जातो आणि वापर वाढला की दुखणं वाढतं. आणि आरए फॅक्टरवर विसंबू नका. आमवात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) असूनही तो निगेटिव्ह येऊ शकतो आणि काहीच नसलेल्या म्हाताऱ्या माणसांत पॉझिटिव्ह. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ततपासण्याही ते सांगतील. सुरुवातीला एक्स-रे साफ असू शकतो, त्यावरून "काही नाही" असं कोणी म्हणालं तर मान डोलावू नका.

जुना_खांब
ऑर्थोपेडिकना एवढं मोडीत काढू नका हो. माझे गुडघे झिजलेले, वाटीची जागा पार गेलेली. मला त्यांच्याकडेच बरं वाटलं. आधी फिजिओथेरपी आणि वजन कमी, ते पुरेना तेव्हा सांधा बदलला.

खडीसाखर
मोडीत नाही काढत. झीज, फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया असेल तर त्यांच्याकडेच जावं. पण इथे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उठलेली दिसते, ती औषधांनी आवरावी लागते, तीही लवकर. एकदा हाड खाल्लं गेलं की ते भरून येत नाही.

मेतकूट
एमडी मेडिसिन आहे, म्हणून थोडं. रुमॅटॉलॉजिस्टची तारीख लांबची मिळाली तर तोवर चांगल्या फिजिशियनला दाखवा, तपासण्या तरी पुढे सरकतील. तारीख शक्यतो सकाळची घ्या, सूज तेव्हाच नीट दिसते. नाहीतर सकाळी हातांचे फोटो काढून ठेवा. आम्ही बोटाचं पेर दोन बाजूंनी दाबून बघतो. मऊ, स्पंजासारखं लागलं तर अस्तर सुजलेलं, टणक गाठ लागली तर बहुधा झीज.

कोणी दिलेल्या बिननावाच्या पुड्या देऊ नका. त्यात स्टेरॉइड निघतात, चार दिवस छान वाटतं आणि मूळ आजार झाकला जातो. पुढे मेथोट्रेक्सेट हे आमवाताचं औषध लिहून दिलं तर ते या आजारात आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. रोज घेतल्याने जिवावर बेतलेलं आहे. घरात वार ठरवा आणि डब्यावर लिहा. असर दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, मधेच सोडू नका, रक्ततपासण्या चुकवू नका.

टिवटिव
जरा अवांतर. माझ्या नवऱ्याचा पायाचा अंगठा मध्यरात्री लालबुंद होतो, चादरीचा स्पर्श सहन होत नाही. युरिक ॲसिड नॉर्मल आलं. मग कोण?

मेतकूट
गाउट असू शकतो, म्हणजे युरिक ॲसिडचे स्फटिक सांध्यात साचून होणारा संधिवात. ऐन झटक्यात युरिक ॲसिड नॉर्मलही येऊ शकतं, झटका ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी पुन्हा तपासा. खात्री करायची तर सांध्यातलं पाणी काढून त्यात स्फटिक बघतात. फिजिशियन किंवा रुमॅटॉलॉजिस्ट, दोन्ही चालतील. मात्र एकच सांधा अचानक गरम, लाल झाला आणि सोबत ताप असेल तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. सांध्यात पू झाला असेल तर तो काही दिवसांत सांध्याची वाट लावतो.

निशिगंध
सगळ्यांचे आभार. रुमॅटॉलॉजिस्टची तारीख घेतली, सकाळचीच. एक राहिलं, आईच्या केसांत बरीच वर्षं जाड खवले आहेत, आम्ही कोंडाच समजत होतो. सांगायची गरज आहे का?

मेतकूट
आहे! नखंही बघा, सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसतात का. सोरायसिस हा त्वचेचा आजार असेल तर त्याचाही संधिवात होतो आणि त्यात आरए फॅक्टर बहुतेकदा निगेटिव्हच येतो. त्वचारोगतज्ज्ञांनाही दाखवावं लागेल, पण रुमॅटॉलॉजिस्टची तारीख मोडू नका, आधी तिथे जा. नेलपॉलिश काढून न्या.