बाबा उशिरा बोलला, म्हणून मूलही उशिराच बोलणार?

प्रश्न (कोथरूड): मुलगा २ वर्षांचा, शब्द जेमतेम १५. "त्याचा बाबाही उशिराच बोलला, थांब जरा," असं सासूबाई म्हणतात. थांबावं का?

उत्तर १: थांबू नका. आनुवंशिकतेने शक्यता वाढते हे खरं, पण २ वर्षांना साधारण ५० शब्द आणि 'पाणी दे' अशी जोडणी यायला हवी. आधी कान तपासा. जन्मानंतरची चाचणी नीट आली असली तरी पुन्हा करा. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं आणि बोलणं दबकं ऐकू येतं.

उत्तर २: आणि घरचं बोलणं बदला. मंडईत त्याने बोट दाखवून 'गा' म्हटलं, तर "गाजर! लाल गाजर!" म्हणा आणि ५-१० सेकंद गप्प राहा. चूक इथेच होते, आपणच पुढचं बोलून टाकतो. 'म्हण ना गाजर' असा तगादा तर नकोच, मूल मिटून जातं. मागे टीव्ही चालू असला की मोठी माणसंही मुलाशी कमी बोलतात. बंद ठेवा.

उत्तर ३: घरात मराठी-हिंदी दोन्ही असेल तर दोन्हींतले शब्द मिळून मोजा. बोट दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल किंवा आलेले शब्द गेले असतील, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना दाखवा.